बोरनाल्याचा ठेका

शेषरावला दगड कळत होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या खदानींत त्याची वीस वर्षं गेली होती, आधी हातोडा घेऊन आणि मग मुकादम म्हणून. दगडावर एक टोला मारला की आवाजावरून तो सांगायचा, हा आतून फुटका आहे, बाजूला टाका. भिजवलेला चुना दोन बोटांत चोळून, अजून किती दिवस मुरू द्यायचा ते सांगायचा. हिवरखेडच्या आसपासच्या विहिरी, मोऱ्या, शाळेच्या भिंती त्याच्या नजरेखाली उभ्या राहिल्या होत्या. ठेका दुसऱ्याचाच असायचा, पण गावात कोणी विचारलं तर लोक म्हणायचे, "शेषरावनं बांधली ना ते."

कागद मात्र त्याला कळत नव्हता. सही येत होती. छापील अक्षर बोट ठेवून लागायचं. कचेरीची भाषा आली की तो कागद मुलीपुढे धरायचा. ललिता तेव्हा चौदा वर्षांची होती आणि सातवीत शिकत होती.

सन छप्पनच्या दसऱ्याला तो बायको केशरबाई आणि ललिता यांना घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं पाण्यात सोडले. त्यानंतर आठवडाभरातच अकोल्याच्या कचेरीतून कामाचा हुकूम आला. बोरनाल्यावर तीन कमानींचा दगडी पूल, मुदत अकरा महिने, ठेकेदार म्हणून नाव शेषरावचं. आणि पुढच्या दहा दिवसांत राज्य बदललं. काल आपण मध्य प्रदेशात होतो, आज मुंबई राज्यात आलो, असं पारावर पेपर वाचणाऱ्यांनी सांगितलं.

धर्म बदलला तो शेषरावला नीट समजला होता. काय सोडलं, काय धरलं आणि कशासाठी, हे तो कोणालाही सांगू शकला असता. राज्य बदललं ते कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नाही. नाला तिथंच होता. दगडही तिथंच होता.

अनामत भरायला त्यानं तेल्हाऱ्याच्या बाजूचं तीन एकराचं वावर विकलं. केशरबाईचं मन होत नव्हतं. "वावर डोयानं दिसते तरी," ती म्हणाली. "पूल काई आपला होनार नाई."

"पूल आपला नाई होनार. पन लोक म्हनतीन, शेषरावच्या ठेक्याचा पूल हाये. इतके दिवस दुसऱ्याच्या नावानं बांधलं ना."

केशरबाईनं गळ्यातली सोन्याची पोत काढून त्याच्या हातात दिली आणि चुलीकडे वळली.

शेषरावनं दोन बैलजोड्या घेतल्या, खदानीतून दगड आणून नाल्याच्या काठावर रचला, चुन्याची भट्टी लावली. डोमाजी नावाचा एक जुना पाथरवट होता. शेषराव हातोडा धरायला शिकला तो त्याच्याच शेजारी बसून. डोमाजी आपल्या बारा घरांचा कबिला घेऊन नाल्याकाठी झोपड्या घालून राहिला. जानेवारीत ओव्हरसियर महादेवराव सायकलवरून आले, फीत धरली, काठाच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, "शेषराव, इथं तुमचा पूल. करा सुरू."

महादेवराव अमरावतीचे. माणूस सरळ होता. चहाशिवाय कोणाचं काही घेत नसे, आणि चहाही मागून घ्यायचा.

पाया सहा हात खोल गेला. तळाला मुरूम लागला. आता दगड बसवायचा, तेवढ्यात फेब्रुवारीच्या शेवटी पोष्टानं कागद आला. ललितानं वाचून दाखवला: "पुढील हुकूम होईपर्यंत सदर काम बंद ठेवावे."

"काहून?" शेषरावनं विचारलं.

"ते नाही लिहिलं बाबा."

तो महादेवरावांकडे गेला. त्यांनाही तोच कागद आला होता. "राज्य बदललं ना," ते म्हणाले. "जुने नकाशे नव्या कचेरीत पुन्हा तपासून राहिले. पंधरा दिवसांचं काम आहे."

पंधरा दिवस गेले. महिना गेला. डोमाजीचा कबिला रिकामा बसला. त्याला सोडलं तर तो दुसऱ्या कामावर जाणार, आणि मग असे हात परत मिळणार नाहीत. म्हणून शेषराव दर बाजाराच्या दिवशी बारा घरांना खर्ची देत राहिला. बैल उभे राहून कडबा खात राहिले. जूनमध्ये पाऊस आला. खोदलेला पाया पाण्यानं आणि गाळानं भरून गेला. चुन्यावर ताट्या टाकल्या होत्या, तरी ओल शिरलीच. भिजवायच्या आधीच त्याचा गोळा झाला. शेषरावनं एक ढेकूळ फोडून पाहिलं आणि पोरांना सांगितलं, "मेला हा. फेका."

त्या पावसाळ्यात तो अकोल्याला चार खेपा गेला. पहिल्या खेपेला कारकून म्हणाला, तुमची फाईल नागपूरला आहे. शेषराव नागपूरला गेला. तिथल्या माणसानं कपाटं उघडून दाखवली आणि सांगितलं की या साऱ्या फाइली मुंबईला रवाना झाल्या. मुंबईला जायची हिंमत झाली नाही, म्हणून तो अमरावतीच्या मोठ्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली. खुर्चीवर बसायचं की उभं राहायचं, याचाच आधी त्याला संभ्रम पडला. साहेबांनी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. कागद चालू आहे."

बाहेर आल्यावर शेषरावला वाटलं, काम झालं. स्टँडवर पोहोचेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की साहेबांनी काहीच सांगितलं नव्हतं. रागवावं असंही ते काही बोलले नव्हते.

ऑक्टोबरात एकाच दिवशी दोन लखोटे आले. केशरबाई ज्वारी पाखडत होती. शेषराव उंबऱ्यात बसला. ललितानं पहिला फोडला. अकरा महिन्यांची मुदत संपली असून काम पायाच्याही वर आलेलं नाही, याचा खुलासा आठ दिवसांत करावा, नपेक्षा दर आठवड्याला दंड लागू होईल, असं त्यात होतं.

"दुसरा वाच," शेषराव म्हणाला. त्याला वाटलं, दुसऱ्यात पहिल्याचा उलगडा असेल.

दुसऱ्यात होतं की नकाशा मंजूर व्हायचा असल्यानं ठेकेदारानं कोणत्याही परिस्थितीत काम सुरू करू नये. केल्यास त्याची जबाबदारी कचेरीवर राहणार नाही.

ललितानं दोन्ही कागद शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले. तारीख एक, शिक्का एक. सह्या मात्र वेगळ्या होत्या.

"पुन्हा वाच," शेषराव म्हणाला. तिनं पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा त्यानं आधी दुसरा आणि मग पहिला वाचायला लावला.

केशरबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे थांबलं तरी दंड, अन् केलं तरी दंड?"

"असंच दिसते," ललिता म्हणाली.

"मंग ते लोकं एकमेकाशी बोलत नाईत का? एकाच घरात बसतेत ना?"

दुसऱ्या दिवशी शेषरावनं तेच महादेवरावांना विचारलं. महादेवरावांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून पुसला आणि परत वाचले. "दोन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले. "हा बांधकामाच्या टेबलावरून आला. हा हिशेबाच्या टेबलावरून."

"मी कोन्त्या टेबलाचं ऐकू साहेब?"

महादेवरावांनी दोन्ही कागद घडी घालून परत दिले. "मुदतवाढीचा अर्ज करा," ते शेवटी म्हणाले. "पण तो मुदत संपायच्या आत द्यायचा असतो."

"मुदत संपली तवा काम बंद होतं ना. तुमच्याच हुकमानं."

"काम बंद होतं शेषराव. मुदत चालू होती."

घरी येताना शेषराव हेच वाक्य घोळवत राहिला. काम बंद, मुदत चालू. बैलगाडी उभी आहे आणि चाकं फिरताहेत, असं काहीतरी ते वाटत होतं. त्यानं ते केशरबाईला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण अर्ध्यातच त्याला स्वतःलाच ते उलगडेना.

अर्ज केला. त्याचं उत्तर आलं नाही. अठ्ठावन्नच्या जानेवारीत मात्र मंजूर नकाशा आला, आणि त्यात पूल दुसरीकडेच होता. जुन्या खुंट्यांपासून दोनशे हात वर, जिथं नाला वळण घेतो त्याच्या पुढे. तिथला काठ नत्थुजीच्या वावरात येत होता.

नत्थुजी म्हणजे जुन्या घरचा कुणबी शेतकरी, चाळीस एकर काळ्या जमिनीचा धनी. शेषरावचा बाप त्याच्या बापाच्या अंगणात कधी पायरीच्या वर चढला नव्हता. शेषराव सकाळी गेला तेव्हा नत्थुजी गोठ्यापुढे खाटेवर बसला होता. त्यानं शेषरावकडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं, आणि थोडा सरकला. शेषराव बसला. दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

"तुमच्या वावरातून पूल चालला," शेषराव म्हणाला.

"माह्या? मले तं कागद नाई आला."

"येईन. कचेरी म्हनते, ताबा घ्याचं काम चालू हाये. पन उन्हाळा गेला तं माहं पुन्हा वरीस जाईन. दंड चालू हाये."

नत्थुजी उठला, वावराच्या बांधावर, धुऱ्यापर्यंत चालत गेला, नाल्याकडे पाहून परत आला. त्याची बायको पार्वताबाई दारात उभी होती. मागच्या पावसाळ्यात ती तापानं फणफणली होती आणि नाल्याला पूर असल्यानं दोन दिवस तिला दवाखान्यात नेता आलं नव्हतं. तिनंच तोंड उघडलं. "कागद येईन तवा येईन. पूल होऊ द्या ना."

"कर सुरू," नत्थुजी म्हणाला. "माह्याकडून ना नाई."

शेषरावनं जाऊन विचारलं तेव्हा महादेवराव हळू आवाजात म्हणाले, "मी लेखी देऊ शकत नाही. पण करत असाल तर मी डोळे मिटणार नाही आणि उघडणारही नाही." शेषरावनं त्याचा अर्थ हो असा घेतला. पुढे अनेकदा त्याला प्रश्न पडला की तो नाही होता का.

त्या उन्हाळ्यात डोमाजीच्या कबिल्यानं काम केलं तसं शेषरावनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पहाटे उठून ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा ऊन कललं की अंधार पडेपर्यंत. जुन्या जागेवरचा दगड गाड्यांतून वर आणला, नवा चुना भाजला. त्यासाठी एक बैलजोडी विकावी लागली. मे संपेपर्यंत दोन खांब पुरुषभर वर आले. सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही असे.

महादेवराव पाहायला आले. खांबाभोवती फिरले.

"साहेब, मोजा," शेषराव म्हणाला. मोजमाप बुकात चढलं की बिल निघणार होतं.

"मोजता येत नाही."

"काहून? फीत नाई आनली का?"

"फीत आहे. जागा नाही."

शेषराव त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"नत्थुजींच्या वावराचा ताबा सरकारनं अजून घेतला नाही," महादेवराव म्हणाले. ते बोलताना खालीच पाहत होते. "ताबा नाही तोवर सरकारच्या लेखी ही जागाच नाही. मी इथलं मोजमाप लिहिलं तर वरून विचारतील, कोणत्या जागेवरचं?"

शेषरावनं खांबावर हात ठेवला. उन्हानं दगड तापला होता. "मंग हे काय हाये?"

महादेवरावांनीही हात ठेवला. "उत्तम काम आहे. मी इतकं चांगलं काम अकोला जिल्ह्यात पाहिलं नाही."

"म्हंजे हाये ना?"

"आहे. पण झालेलं नाही."

डोमाजी बाजूला उभा होता. त्यानं शेषरावला विचारलं, "काय म्हनून राहिले साहेब?" शेषराव इतकंच म्हणाला, "चांगलं हाये म्हनतेत."

ताबा घेतला गेला तो नोव्हेंबरात. तलाठ्यानं नत्थुजीचा जबाब घेतला. जमीन आधी दिली होती काय, असं विचारल्यावर नत्थुजीनं नाही म्हणून सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी तो शेषरावच्या घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा आला. आत येईना, अंगणातच उभा राहिला.

"मी खोटं नाई बोललो शेषराव. मोबदला भेटला नाई, तं ताबा देल्ला असं कसं लिहून देऊ? देल्ला म्हनलो असतो तं माहे पैसे बुडले असते."

"बराबर हाये तुमचं," शेषराव म्हणाला. केशरबाईनं त्याला पाणी दिलं आणि नत्थुजी ते प्यायला.

तो गेल्यावर शेषराव अंगणातच बसून राहिला. नत्थुजीचं बरोबर होतं. महादेवरावांचं बरोबर होतं. अमरावतीच्या साहेबांचंही बरोबरच असणार. त्या जबाबामुळे मात्र कचेरीनं ठरवलं की ताब्याच्या आधी बांधलेले दोन खांब हे विनापरवाना काम आहे, आणि त्याचं बिल निघणार नाही. पाडायला मात्र कोणी सांगितलं नाही. उलट, पुढचं काम त्याच खांबांवर करावं, असा हुकूम आला.

गावातले लोक म्हणत, सोडून दे, जाऊ दे अनामत. शेषरावच्या मनातही ते यायचं. पण सकाळी नाल्यावर गेलं की ते दोन खांब दिसायचे, आणि मग त्याला दुसरं काही सुचायचं नाही. पुलाचं अर्धं काम सोडून घरी कसं बसतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं उरलेली बैलजोडी विकली, घराच्या मागची जागा विकली आणि एकोणसाठच्या मे महिन्यात तिसरी कमान बसवली. डोमाजीच्या लोकांची शेवटची दोन महिन्यांची मजुरी राहिली. डोमाजी म्हणाला, "भेटीन तवा दे. तुह्यावर भरोसा हाये," आणि कबिला घेऊन दुसरीकडे कामाला गेला.

पुलाचं काही उद्घाटन झालं नाही. एका सकाळी नत्थुजीची कापसाची रिकामी गाडी त्यावरून पलीकडे गेली, आणि त्या दिवसापासून सगळेच जाऊ लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरात बोरनाल्याला म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता असा पूर आला. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर गाव पाहायला लोटलं. पूल होता तसा होता, नुसता चिखलानं माखलेला. पण दोनशे हात खाली, जिथं आधी खुंट्या ठोकल्या होत्या, तिथला काठच राहिला नव्हता. पंधरा-वीस हात जमीन नाल्यानं गिळली होती. शेषरावनं खोदलेल्या पायाची जागासुद्धा ओळखू येत नव्हती.

महादेवराव आले होते. ते तुटलेल्या काठापर्यंत चालत गेले. "मुंबईच्या कचेरीत कोणीतरी मातीच्या तपासणीचा कागद पाहून लिहिलं होतं की हा काठ कच्चा आहे," ते म्हणाले. "म्हणून नकाशा बदलला. मला आत्ता कळतंय."

"कोन होता तो?"

"नाव नाही माहीत. त्याची बदली झाली असेल."

म्हणजे थांबवलं नसतं तर आपण इथंच पूल बांधला असता. वेळेत. बिलही मिळालं असतं. आणि आज तो आपल्या नावासकट वाहून गेला असता, कदाचित एखादी गाडी, एखादं माणूस घेऊन. मग थांबवलं ते बरं झालं का? बरं झालं असेल तर आपलं वावर गेलं, बैल गेले, तेही बरंच झालं म्हणायचं का? शेषराव काठावर उकिडवा बसला आणि या गोष्टीची एक बाजू धरून दुसरीपर्यंत जायचा प्रयत्न करू लागला. दर वेळी मधेच त्याच्या हातून दोर सुटत होता. आजूबाजूचे लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते. "वाचला बाप्पा तुहा पूल!"

घरी येऊन त्यानं केशरबाईला सगळं सांगितलं. तिला त्यात गुंता काही दिसला नाही. "पूल वाचला तो साऱ्याइचा," ती म्हणाली. "गेलं ते आपलं गेलं. त्याच्यात समजाचं काय हाये?"

शेवटच्या बिलातून दंड कापला, दोन खांब वगळले, आणि हाती काही यायच्या ऐवजी कागदावर शेषरावकडूनच सरकारचं येणं निघालं. म्हणून अनामतही अडकली. साठ साली राज्य पुन्हा बदललं आणि महाराष्ट्र झालं. फाईल पुन्हा कुठंतरी गेली. शेषराव दुसऱ्या ठेकेदाराकडे मुकादम म्हणून जाऊ लागला. ललिता अकोल्याला शिकून तिथंच मास्तरीण झाली. ती दर दोन-तीन महिन्यांनी वडिलांच्या वतीनं अर्ज लिहायची, स्वच्छ, वळणदार अक्षरात. बासष्टमध्ये जिल्ह्याचा कारभार नव्या कचेरीकडे आला, आणि त्या कचेरीनं एका अर्जाला चक्क उत्तर दिलं. भेटीला बोलावलं.

बाप-लेक दोघं गेले. साहेब तरुण होता, तिशीच्या आतला. त्यानं फाईल पूर्ण वाचली होती, असं त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. "मला माफ करा," तो म्हणाला, "पण मी वाचून वाचून थकलो, यात चुकलं कोण ते मलाही सापडलं नाही." मग त्यानं सांगितलं की दंड माफ करून अनामत परत करण्याइतका अधिकार त्याला आहे. खांबांचं काही करता येणार नाही. फक्त एका कागदावर सही लागेल.

ललितानं कागद वाचला. "माझे या कामापोटी काहीही नुकसान झालेले नसून माझी कसलीही तक्रार नाही," तिनं मोठ्यानं वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. "बाबा, सही करू नका. हे खोटं आहे."

"ती छापील ओळ आहे बाई," साहेब म्हणाला. "सगळ्यांनाच असते. मला तिच्यात अक्षर बदलता येत नाही."

"छापील असलं म्हणून खरं होतं का?"

साहेब लाजला. ते पाहून शेषरावलाच त्याची कीव आली.

"साहेब," त्यानं विचारलं, "तक्रार नाई म्हंजे कोनावर नाई?"

"सरकारवर."

"सरकार म्हंजे कोन्तं? मी सुरू केलं तवा एक होतं, बांधलं तवा दुसरं, अन् आता हे तिसरं."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागला. शेषराव उठून व्हरांड्यात आला. ललिता मागोमाग आली. समोर कडुनिंबाखाली सायकली लावल्या होत्या. शेषरावनं मनात एकेकाला उभं करून पाहिलं. अमरावतीचे साहेब आले, त्यांनी खुर्ची दिली होती. महादेवराव आले. नत्थुजी आला, पाण्याचं लोटकं हातात घेऊन. मुंबईचा तो बिननावाचा माणूस आला, त्यानं तर न जाणो किती जीव वाचवले होते. रागवायला कोणीच थांबेना. आणि तरी नुकसान झालं होतं, ते तर खांबासारखं हाताला लागत होतं.

"बाबा, घरी जाऊ," ललिता म्हणाली. "मी अजून लिहीन. वर लिहीन."

"तू लिहिशीन माय," तो म्हणाला. "पन डोमाजीच्या लोकाइचे दोन महिने माह्याकडं हायेत. तीन वर्सं झाले. त्यानं एकदाही मांगले नाई."

तो आत गेला आणि सही केली. ललितानं त्या बाजूला पाहिलं नाही.

रक्कम हाती आली तेव्हा महिना उलटून गेला होता. डोमाजी नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका शाळेच्या कामावर आहे, असा पत्ता लागला. शेषराव अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरला, तिथून मोटारीनं नांदगावला, आणि मग चालत. डोमाजीचा कबिला माळावर होता. बारा घरांची आता आठ राहिली होती. शेषरावनं एकेका घरापुढे जाऊन मजुरी दिली, आणि निघून गेलेल्या चार घरांची डोमाजीकडे सोपवली. एक म्हातारी वारली होती, तिची तिच्या सुनेला दिली. ते झाल्यावर त्याच्याकडे परतीच्या भाड्यापुरतं आणि केशरबाईसाठी एका लुगड्यापुरतं राहिलं.

डोमाजीनं चहा दिला. "मंग, भेटले म्हना सरकारकडून."

"अनामत भेटली. माहीच होती."

"अन् ते खांब?"

"ते झाले नाईत म्हनतेत."

डोमाजी हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. शेषरावलाही हसू आलं, कशाचं ते त्याला कळलं नाही. दोघं बराच वेळ हसत बसले. मग डोमाजी एकदम गंभीर होऊन म्हणाला, "राग नाई येत तुले?"

"येते. पन कोनाकडं तोंड करून करू, ते समजत नाई."

डोमाजीनं मान हलवली. त्यालाही ते समजलं नव्हतं. थोड्या वेळानं तो उठला आणि म्हणाला, "आलाच हायेस तं ते भिंत पाहून जाय. इथला ठेकेदार म्हनते सरळ हाये, मले तिरपी वाटते. माहे डोये गेले आता."

शेषराव उठला. भिंत कमरेइतकी आली होती. त्यानं डोमाजीच्या पोऱ्याकडून ओळंबा मागून घेतला, दोरी भिंतीच्या माथ्याशी धरली आणि खालचं लोखंड डोलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग वाकून पाहिलं.

"बोटभर बाहेर हाये," तो म्हणाला. "वरचे दोन थर काढा."

गवंडी कुरकुरले. शेषरावनं धोतराचा सोगा खोचला, वरचा पहिला दगड स्वतः हलवून सुटा केला आणि बाजूला ठेवला.